अदृश्य नायकाचे अदृश्य कारागीर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा मराठ्यांचे दिल्लीवरील वर्चस्व यांपैकी एखादा भारदस्त विषय निघावा, अशी आपली अपेक्षा असणार. कार्यकारिणीने विषयाचे स्वातंत्र्य दिले आणि आम्ही त्याचा थोडा गैरफायदा घेतला. आज आम्ही बोलणार आहोत ते ‘मिस्टर इंडिया’ या मे १९८७ मध्ये प्रदर्शित झालेल्या हिंदी चित्रपटाविषयी. आणि तेही त्यातील नटनट्यांविषयी कमी, पडद्यामागच्या हातांविषयी अधिक. व्याख्यानानंतर तो चित्रपट येथेच दाखविला जाणार असल्याने बालमित्रांनी थोडा धीर धरावा.

माणूस अदृश्य होण्याची कल्पना आपल्या पुराणांना नवी नाही. तिला विज्ञानाचा अंगरखा चढविला तो एच. जी. वेल्स यांनी, १८९७ च्या आपल्या कादंबरीत. शरीरातून प्रकाश हवेतून जावा तसा सरळ गेला, तर शरीर दिसणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद. त्याला शास्त्रज्ञ एक खोचक आक्षेप घेतात: डोळ्याच्या पडद्याने प्रकाश अडविलाच नाही, तर त्या माणसाला तरी काय दिसणार? अदृश्य माणूस आंधळाच असला पाहिजे! चित्रपटवाल्यांनी हा आक्षेप कधीच मनावर घेतला नाही, हे आपले भाग्य. १९३३ च्या हॉलिवूडपटात नटाला काळ्या मखमलीने नखशिखान्त झाकून, काळ्याच मखमलीच्या पार्श्वभूमीपुढे उभे केले गेले, आणि त्या फिल्मची दुसऱ्या दृश्याशी सांगड घालून नुसते कपडे चालते-बोलते दाखविले गेले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९३७ मध्ये, विजय भट्ट यांचा ‘ख्वाब की दुनिया’ आला. त्यातील वस्तू बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने नाचविल्या. त्यावरून त्यांना ‘काला धागा’ असे टोपणनावच पडले. पुढे १९५७ मध्ये ‘मिस्टर एक्स’मध्ये अशोककुमार अदृश्य झाले, तेच अशोककुमार तीस वर्षांनी ‘मिस्टर इंडिया’त प्राध्यापक सिन्हा होऊन नायकाच्या हाती अदृश्य होण्याचे यंत्र सोपवितात. ही निवड आम्हांला फार गोड वाटते.

परंतु या परंपरेचे मूळ आम्ही मराठी माणसांनी विसरू नये. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. कॅमेरा जागचा हलू न देता थोड्या थोड्या अवधीने एकेक चौकट टिपत जायचे, म्हणजे दिवसानुदिवस चाललेली वाढ पडद्यावर काही क्षणांत उरकते. कॅमेरा खिळवून ठेवा आणि काळाला हवे तेथे कापा, हे ट्रिक फोटोग्राफीचे आद्य सूत्र त्या रोपट्यात होते. १९१७ मध्ये तर त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक लघुपटच काढला आणि त्याच सुमारास ‘नवयुग’ मासिकातून आपल्या धंद्याविषयी लेखही लिहिले. आपली विद्या झाकून न ठेवणारा असा जादूगार विरळाच.

‘मिस्टर इंडिया’ची कथा आपणांस ठाऊक आहे. अनाथ मुलांचा सांभाळ करणारा अरुण, उधारीने त्रस्त झालेले ते समुद्राकाठचे घर, वार्ताहर सीमा, आणि देश गिळायला निघालेला मोगॅम्बो. पटकथा सलीम-जावेद यांची, निर्माते बोनी कपूर, दिग्दर्शक शेखर कपूर. संगणकाने चित्रे घडविण्याची सोय तेव्हा आपल्याकडे नव्हती. छायालेखक बाबा आझमी आणि ट्रिकदृश्यांचे सूत्रधार पीटर परेरा यांच्यापाशी होता तो कॅमेरा, दिवे, मुखवट्यासारखे कापलेले काळे कागद, तारा, दोरे आणि अपार चिकाटी.

काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. चौकटीचा एक भाग झाकून पहिले चित्रण करायचे. मग तीच फिल्म उलटी गुंडाळून, आता उघडा राहिलेला भाग झाकून, दुसरे चित्रण करायचे. मधल्या वेळात कॅमेऱ्याला केसभर धक्का लागला किंवा खिडकीतला प्रकाश सरकला, तर सांधा उघडा पडतो आणि सारे मुसळ केरात. शिवाय फिल्म धुऊन येईपर्यंत काय साधले, काय फसले, हे कळण्याची सोय नाही. आज नोएडाच्या फिल्म सिटीत शिकणारा विद्यार्थी एका कळीने चूक मागे घेतो. त्या काळी प्रत्येक चुकीला फिल्मची, भाड्याची आणि नटांच्या तारखांची किंमत होती.

लाल प्रकाशात नायक दिसतो, ही योजना पाहा. शास्त्रदृष्ट्या तिला काही आधार नाही. पण कथेच्या दृष्टीने ती अप्रतिम आहे. सर्वशक्तिमान नायकाची गोष्ट लगेच कंटाळवाणी होते. लाल काचेचा एक तुकडा आला, की त्याच्या शक्तीला मर्यादा आली, भय आले, गंमतही आली. आणि खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्याला नायकाचा चेहराही अधूनमधून दाखविता आला!

अदृश्य माणसाचा अभिनय मात्र दुसऱ्याच्याच चेहऱ्यावर उमटावा लागतो. थप्पड मारणारा दिसत नाही. तेव्हा थप्पड खाणाऱ्याची मान नेमकी केव्हा फिरली आणि आवाज केव्हा आला, यावर सारा भ्रम उभा असतो. येथे संकलकाची कसोटी लागते. ते संकलन वामन भोसले आणि गुरुदत्त शिराळी या जोडीचे. भोसले गोव्यातील पोंबुर्प्याचे. १९५२ मध्ये ते मुंबईस आले आणि बॉम्बे टॉकीजमध्ये डी. एन. पै यांच्या हाताखाली कात्री धरायला शिकले. ‘इन्कार’ या चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये ते निवर्तले, तेव्हा ‘मोगॅम्बो खुश हुआ’ हे वाक्य तोंडपाठ असणाऱ्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक होते?

आपल्या या शहराचाही त्या चित्रपटात वाटा आहे. शेखर कपूर येथल्या मॉडर्न स्कूलचे आणि सेंट स्टीफन्सचे विद्यार्थी. पुढे इंग्लंडात हिशेबतपासनीस झाले आणि ते सोडून चित्रपटांकडे वळले. त्यांच्या ‘मासूम’ची कथा दिल्लीतच घडते, आणि त्यातील मुलांचे काम पाहूनच बोनी कपूर त्यांच्याकडे गेले. स्वयंपाकी कॅलेंडर झालेले सतीश कौशिक किरोडीमल महाविद्यालयाचे व राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. टेलिफोनांनी बेजार झालेला संपादक रंगविणारे अन्नू कपूर हेही नाट्य विद्यालयाचेच, आणि त्या पात्राचे आडनाव चक्क गायतोंडे! ‘हवा हवाई’ गाणाऱ्या कविता कृष्णमूर्ती यांचा जन्मही दिल्लीचा. हे गाणे आपण केवळ तात्पुरते गात आहोत, नंतर दुसरी गायिका ते ध्वनिमुद्रित करील, अशी त्यांची समजूत होती. एका शब्दात ‘जानू’चे ‘जीनू’ झाले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी आवाज तोच ठेवला, आणि ती चूकही तशीच राहिली. ही हकीकत कविताबाईंनी स्वतः मुलाखतींतून सांगितली आहे.

एका गोष्टीवर आमच्यात दोन तट आहेत, ते लपवीत नाही. सर्वांत धाकटी टीना बॉम्बस्फोटात मरते. मुलांच्या चित्रपटात हे असावे काय? आमच्यापैकी काहींना ते क्रूर वाटते. त्या प्रसंगी मुलांना बाहेर न्यावे, असे ते सुचवितात. आमचा कौल उलट आहे. अदृश्य होणाऱ्या काकालाही तिला वाचविता येत नाही, हे कळले की यंत्राची जादू तेथेच ओसरते, आणि पुढचा राग खरा वाटू लागतो. बॉम्बस्फोटांच्या बातम्या वाचत वाढलेल्या दिल्लीच्या मुलांना ते मुळीच कळत नाही, असे समजणे आम्हांला धाडसाचे वाटते. तरी पालकांनी मुलांना शेजारी बसवून घ्यावे.

पीटर परेरा यांना २०१३ मध्ये मुंबईच्या चित्रपट महोत्सवात तंत्रज्ञ म्हणून जीवनगौरव मिळाला. उत्तरायुष्यात त्यांची दृष्टी गेली होती. कोणता दोरा कोठे बांधला, कोणता कागद कसा कापला, हे फाळके यांच्यासारखे लिहून ठेवण्याची सवड या पिढीला मिळाली नाही. कोणी त्यांच्याशेजारी वही घेऊन बसलेही नाही. आमची खरी हळहळ ती आहे. आपल्या मंडळात रंगमंचावर पडदे ओढणारी, प्रकाशयोजना करणारी, नेपथ्य रंगविणारी ज्येष्ठ मंडळी आहेत. या स्मरणिकेची चार पाने त्यांच्याकडून भरून घ्यावीत, अशी संपादकांस आमची जाहीर विनंती आहे.

आता दिवे मालवले जातील. हनुमंताची मूर्ती गुंडांच्या पाठीत बसू लागेल, तेव्हा बालमित्रांनी डोळे ताणून दोरा शोधावा. आम्हांला तरी तो आजवर सापडलेला नाही.