बाळंतपणाआधीचं बोलणं



आजचा विषय ठरला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारलं, "डूला म्हणजे आपली सुईणच ना?" नाही. सुईण बाळंतपण करते. जपानमध्ये ते काम परवानाधारक 'जोसानशी' करतात. डूला तपासत नाही, औषध देत नाही. ती गरोदरपणी दोनतीनदा भेटते, कळांच्या वेळी बाईपाशी थांबते आणि नंतर एकदा तिचं सगळं ऐकून घेते. शब्द मूळ ग्रीक. आईला आधार देणारी बाई या अर्थाने तो डाना राफेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ च्या पुस्तकात वापरला.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत जपानमध्येही आहे. तिला 'सातोगाएरी शुस्सान' म्हणतात. पाचव्या महिन्यात, कुत्रीची बाळंतपणं सोपी म्हणून 'कुत्र्याच्या दिवशी', टोकियोच्या सुइतेंगू देवळातून पोटाला बांधायचा पट्टा आणतात. आपलं डोहाळजेवण आठवतं. पण दोन्हीकडे एक गोष्ट राहून जाते. भीती वाटते का, हे कोणी विचारत नाही. आपल्याकडे "शुभ बोल गं" म्हणून गप्प करतात, इथे सोसण्याचं कौतुक. 'पोट दुखवून जन्माला घातलेलं मूल' असा जपानीत वाक्प्रचारच आहे. म्हणून माहेराच्या आठवणीने मी फार गहिवरत नाही. ज्या सुईणीच्या हातून आपल्या आज्या बाळंत झाल्या, तिचं काम विटाळाचं मानलं जाई, हेही विसरू नये.

माझ्या पहिल्या वेळी दवाखान्याने 'बर्थ प्लॅन'चा कागद दिला. मी "विशेष काही नाही" लिहून परत केला. कळांच्या पायऱ्या, औषधं, आकडेवारी, सगळं पाठ होतं. रात्री दोन वाजता मात्र जपानी सोडाच, इंग्रजीही आठवेना. मी मराठीत ओरडत होते आणि खोलीत कोणालाच कळत नव्हतं.

दुसऱ्या वेळी डूला घेतली, एक मध्यमवयीन जपानी बाई. पहिल्याच भेटीत तिने विचारलं, कशाची भीती वाटते? मी टक्केवारी सांगितली. ती काहीच बोलली नाही, नुसती बसून राहिली. शेवटी मी म्हणाले, मी परत ओरडेन आणि कोणाला कळणार नाही. "घाबरू नका" असं ती म्हणाली नाही. "काय ओरडत होतात?" असं विचारलं. पाणी. थांबा. आई गं. हात लावू नका. हे तिने काताकाना लिपीत, अर्थासकट लिहून बर्थ प्लॅनला जोडलं. ऑपरेशन करायची वेळ आली तर ते मला कोणी, कसं सांगावं, हेही विचारलं. नवऱ्याला कंबर कुठे दाबायची ते दाखवलं, आणि चक्कर आली तर बाहेर जायची परवानगीही देऊन टाकली! (ती त्याला लागली.)

आता पुरावा. कळांच्या वेळच्या सततच्या सोबतीवर २०१७ चा कॉक्रेन आढावा आहे : २६ चाचण्या, १७ देश, १५ हजारांहून अधिक स्त्रिया. सोबत असलेल्यांत सिझेरियन कमी, कळांचा काळ थोडा कमी, बाळंतपणाची कटू आठवणही कमी. पण हा पुरावा कळांच्या वेळच्या सोबतीचा आहे. ग्वाटेमालातल्या १९८० च्या प्रसिद्ध अभ्यासात तर सोबतीण अनोळखीच होती. आधीच्या बोलण्याचं श्रेय किती, ते यातून वेगळं काढता येत नाही. मी ते मानते ते स्वतःच्या अनुभवावरून, आणि एका बाईचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे.

इथे प्रसूतीच्या वेळच्या डूला थोड्या. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या डूला असोसिएशनचा भर बाळंतपणानंतरच्या मदतीवर आहे. २०२० मध्ये सीमा बंद झाल्या, भारतातून आया येऊ शकल्या नाहीत, कित्येक इस्पितळांनी नवऱ्यांनाही आत सोडलं नाही. तेव्हा आम्ही दोघीतिघी रात्री फोनवर गरोदर मैत्रिणींशी बोलत बसायचो. डूलाचं प्रशिक्षण आमच्यापैकी कोणाचंच नव्हतं.

माझी सूचना लहान आहे. इथे बाळंत झालेल्यांनी आपापले शब्द लिहून द्यावेत, जपानी अर्थ मी बघते. फोनवर बसायची तयारी असेल त्यांनी नावही लिहावं. अट इतकीच की वैद्यकीय सल्ला द्यायचा नाही आणि आपलं बाळंतपण रंगवून सांगायचं नाही. कागद चहाच्या टेबलावर ठेवले आहेत.