आक्रोश आणि अर्ज



आजची मुले मोबाईलवर चार ओळी लिहितात आणि त्यालाच चळवळ म्हणतात, अशी कुरकूर वडीलधाऱ्या मंडळींकडून ऐकू येते. नुसत्या लिहिण्याने काय होते, हे पाहण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ.

१९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे, पोलीस ठाण्याच्या आवारातच आपल्यावर बलात्कार झाल्याची तक्रार एका आदिवासी मुलीने केली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघाही पोलिसांना निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, तेव्हा तिची संमती असली पाहिजे, असा त्या निकालाचा रोख होता. पुढल्याच वर्षी कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. त्यांत पुण्याच्या वसुधा धागमवार होत्या. शरण जाणे म्हणजे संमती देणे नव्हे, हा त्या पत्राचा गाभा. पत्र हातोहाती फिरले, १९८० मध्ये स्त्रियांचे मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असताना शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नाकारली, तर न्यायालयाने तिचेच म्हणणे गृहीत धरावे, असे ठरले. पीडितेचे नाव छापण्यासही बंदी आली. म्हणूनच त्या मुलीचे नाव आम्ही येथे घेत नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले. या वेळी निरोप फिरले ते फेसबुकवरूनही. भर थंडीत मुलामुलींनी पाण्याचे फवारे सोसले. पण ती तेवढ्यावर थांबली असती, तर सारे हवेत विरले असते. न्यायमूर्ती वर्मा समितीकडे महिन्याभरात लोकांच्या सुमारे ८०,००० सूचना आल्या आणि २०१३ मध्ये कायदा पुन्हा बदलला. पतीला बलात्काराच्या कलमातून दिलेली सूट काढून टाकावी, ही समितीची शिफारस मात्र मान्य झाली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती सूट आहेच.

२०१८ च्या ‘मी टू’मध्ये अनेकींनी वर्षानुवर्षांचे मौन सोडले. परंतु पडद्यावरची तक्रार चौकशीपर्यंत पोचली नाही, तर ती दोन दिवसांत खाली सरकते. ती पोचावी कोठे? २०१३ च्याच दुसऱ्या एका कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती सक्तीची केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी तर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी त्या समितीत विद्यार्थी प्रतिनिधींनाही जागा दिली.

आपल्या गावच्या महाविद्यालयात ही समिती आहे काय? सूचनाफलकावर तिच्या सदस्यांची नावे आहेत काय? मुलांच्या लिहिण्याला नावे ठेवण्यापूर्वी हे दोन प्रश्न आपण वडीलधाऱ्यांनी लेखी विचारू या.