विळ्याच्या आकाराची रक्तपेशी

१९१० साली शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या रक्तपेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. निरोगी तांबडी पेशी वाटोळी आणि लवचिक. केसाहून सूक्ष्म वाहिनीतूनही ती सहज वाट काढते. वाकलेली पेशी तेथेच अडते, रक्ताचा प्रवाह तुंबतो आणि रोगी वेदनेने तळमळतो.

या वाकडेपणाचे मूळ कोठे? १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते हीमोग्लोबिनच्या रेणूत दाखवून दिले. पुढे केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका फरकही शोधून काढला. १४६ दुव्यांच्या साखळीत एकच दुवा बदललेला. एवढ्या अल्प फरकाने सारे आयुष्य दुखण्यात जाते!

हे संकट परदेशचे नव्हे. निलगिरीच्या आदिवासींत १९५२ साली ते नोंदले गेले. विदर्भात आणि नंदुरबारकडेही अनेक कुटुंबांना ते परिचित आहे. पुष्कळदा त्याचा बोल एकट्या आईला लावला जातो. वस्तुतः हा दोष आई आणि वडील या दोघांकडूनही आला, तर अपत्याला हा रोग जडतो. एकाकडूनच आला, तर मनुष्य बहुधा निरोगी राहतो. परंतु तो वाहक असतो. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारांत एक.

२०२३ साली जनुकांत फेरफार करणाऱ्या उपचाराला ब्रिटनने मान्यता दिली. पण तो अतिशय खर्चाचा आहे. रक्ताची तपासणी मात्र गावोगावी होऊ शकते. वाहक असणे हा कलंक नव्हे. वधूवरांच्या पत्रिका पाहणाऱ्या समाजाला रक्ताची ही पत्रिका पाहणे जड जाऊ नये.