लंडनमधले सहा महिने
(हीरक महोत्सवी मेळाव्यातील भाषणाची संहिता)



शाळेतून बाहेर पडलेली मुले जगाच्या पाठीवर कुठे कुठे जाऊन पोचली, त्यांची यादी स्मरणिकेत स्वतंत्रपणे छापली जाणार आहे. यादीत नावापुढे हुद्दा असतो, शहर असते; त्या शहरातला एखादा मंगळवार कसा जातो, हे यादी सांगत नाही. आणि त्या घरी सहा महिने जाऊन राहणाऱ्या आईवडिलांना तर कोणत्याच यादीत जागा नसते. आजचे चार शब्द त्यांच्याविषयी आहेत.

हैदराबादेतल्या या शाळेची एक जुनी विद्यार्थिनी लंडनच्या पश्चिमेला, हाउन्स्लो येथे राहते. शाळेत असताना मराठीच्या पेपरात तिचा पहिला क्रमांक कधी चुकला नाही. आता ती एका रुग्णालयात औषधनिर्माती आहे, यजमान बँकेच्या संगणक विभागात आहेत आणि नऊ वर्षांची मुलगी तिथल्या शाळेत जाते. दुरून हेवा वाटावा असे हे जीवन जवळून पाहिले तर बरेचसे वेळापत्रकच आहे. सकाळी साडेसातला घर रिकामे होते. शनिवार कपडे धुण्यात आणि बाजारहाटात संपतो. माहेरी फोन करायचा तर उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचे गणित आधी मांडावे लागते. तिचे हात मोकळे होतात तेव्हा इकडे आईवडील झोपलेले असतात.

एका मे महिन्यात तिचे आईवडील पाहुण्यांच्या व्हिसावर तिथे गेले. बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि नातीसाठी परकर-पोलके. घराचे कौतुक आठवडाभर पुरले. मग दिवस लांबू लागले, आणि तेही अक्षरशः. जूनमध्ये लंडनचा सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो. दिवेलागण कोणती मानायची, या विवंचनेत आजींनी अखेर हैदराबादच्या वेळेने देवापाशी दिवा लावायला सुरुवात केली. म्हणजे तिथल्या भर दुपारी. फोडणी जरा चुरचुरली की छतावरचा धुराचा भोंगा वाजे आणि त्या अपराध्यासारख्या गॅस बंद करत. आजोबांचे दुःख निराळे होते. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेला, गल्लीतल्या प्रत्येकाचे अर्ज भरून देणारा हा माणूस. लंडनच्या बसमध्ये २०१४पासून रोख पैसे चालत नाहीत, हे ठाऊक नसल्याने पहिल्याच दिवशी हातात नाणी घेऊन ते चालकासमोर उभे राहिले. पुढे खिशात लेकीने दिलेले कार्ड असे, पण ते वापरताना प्रत्येक वेळी पौंडाला शंभराने गुणल्याखेरीज त्यांना राहवत नसे.

नातीला मराठी समजत होते. उत्तर मात्र इंग्रजीत येई. आजींनी यावर एकदाही टीका केली नाही, आणि लेकीला तेच अधिक लागले. ‘घरात मराठीच बोला’ हा सल्ला देणे सोपे असते, विशेषतः तो हैदराबादेत बसून द्यायचा असेल तेव्हा. दोघे नोकरीवर, मूल दिवसभर शाळेत. संध्याकाळी उरतात त्या दोन तासांत ‘जेव’, ‘आवर’, ‘झोप’ यापलीकडे भाषा जातच नाही. आज्ञांपुरती उरलेली भाषा मुलाने आपण होऊन का बोलावी?

जूनमध्ये नातीच्या वर्गाला प्राचीन इजिप्तचा पाठ होता आणि शिक्षिकेने ब्रिटिश म्युझियम पाहून यायला सांगितले. १७५३च्या कायद्याने स्थापन झालेले आणि १७५९मध्ये खुले झालेले हे संग्रहालय पाहायला आजही पैसे पडत नाहीत. आजोबांचा पहिला विरोध तिथेच मावळला. त्या शनिवारी लेकीची रुग्णालयात पाळी होती. जावयांनी तिघांना पिकॅडिली लाइनने हॉबर्नला आणले, संग्रहालयाच्या दारापर्यंत सोडले आणि ते कामाला गेले. आत दोन म्हातारी माणसे आणि त्यांना सांभाळण्याची जबाबदारी मिळालेली एक नऊ वर्षांची मुलगी.

रोझेटा शिळेभोवती इतकी गर्दी की आजींना माणसांच्या पाठीच दिसल्या. ममींपुढे त्या थांबल्याच नाहीत. मेलेल्या माणसाकडे असे टक लावून पाहू नये, एवढेच म्हणाल्या. पण थडग्यांत ठेवल्या जाणाऱ्या छोट्या लाकडी प्रतिकृतींपाशी आजोबा खिळून उभे राहिले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा एक शेतकरी दोन बैलांमागे नांगर धरून उभा होता. नात पाटीवरचे इंग्रजी वाचू लागली. पाटीवर साल होते, लाकूड होते, रंग होता. आजोबांनी तिला थांबवले आणि काचेवर बोट न टेकवता एकेक भाग दाखवू लागले. हे जू. ही हळस. जमिनीत घुसतो तो फाळ. वर हातात धरायचे ते रुमणे. पण याला दोन मुठी आहेत, आपल्या नांदेडकडच्या नांगराला रुमणे एकच असते, मग दुसरा हात कासऱ्याला मोकळा राहतो. यांचे बैल कोण हाकत असेल? बहुधा दुसरा माणूस.

लहानपणी त्यांनी स्वतः नांगर धरला होता, हे नातीला तोपर्यंत कोणी सांगितलेच नव्हते. ती पाटी सोडून त्यांच्याकडे पाहू लागली. वहीत तिने हे शब्द रोमन अक्षरांत उतरवून घेतले. ‘हळस’मधला ‘ळ’ काही तिला लिहिता येईना. तो आजोबांनी स्वतःच्या हाताने काढून दिला.

मेसोपोटेमियाच्या दालनात पाळी आजींची होती. उर येथील राजघराण्याच्या दफनभूमीत लिओनार्ड वूली यांना सापडलेला खेळाचा पट तिथे आहे: शिंपला, तांबडा दगड आणि निळा लाजवर्द यांनी मढवलेली वीस घरे, वय साडेचार हजार वर्षांच्या आसपास. आजी म्हणाल्या, हा तर सारीपाटाचा कोणी पूर्वज. घरांवर फुले आहेत ना, तिथे सोंगटी मारता येत नसेल. संग्रहालयातले विद्वान अर्विंग फिंकेल यांनी बाबिलोनच्या मातीच्या एका पाटीवरून या खेळाचे नियम उलगडले, त्यांतही फुलांच्या घरांना विशेष मान आहे. परभणीच्या वाड्यात कवड्या टाकून शिकलेले ज्ञान इतक्या दूर उपयोगी पडेल, असे आजींनाही वाटले नसावे. त्या रात्री पुठ्ठ्यावर पट आखला गेला. खेळताना दान मागायचे असते, भांडायचे असते, आणि आजींशी भांडायचे तर मराठीतच भांडावे लागते.

पुढे दर दुसऱ्या शनिवारी तिघे निघत. ऑक्टोबरात ते अमरावतीच्या शिल्पांपाशी पोचले. आंध्रातल्या कृष्णाकाठच्या महास्तूपाचे हे दगड सर वॉल्टर इलियट यांनी १८४५मध्ये खणून मद्रासला नेले. १८५९मध्ये त्यांतले बरेच जहाजाने लंडनला गेले आणि १८८०मध्ये या संग्रहालयात आले. त्यांतल्या एका शिळेच्या दोन्ही बाजूंना कोरीव काम आहे: एकीकडे बुद्धाच्या रिकाम्या आसनापुढे नतमस्तक झालेले भक्त, आणि तीन-साडेतीनशे वर्षांनी तोच दगड उलटवून दुसरीकडे कोरलेला संपूर्ण स्तूप.

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, चाळीस वर्षे हैदराबादेत काढली, एका दिवसात जाऊन पाहण्यासारखे ठिकाण. कधी गेलो नाही. नातीने विचारले, हे इथे कसे आले? आपल्या सालारजंगमध्येही इटलीची बुरखा घेतलेली रिबेका आहेच की, असे आजी म्हणाल्या. आजोबांनी मान हलवली. ती पहिल्या सालारजंगांनी पैसे मोजून आणली. हे दगड ज्यांचे राज्य होते त्यांनी नेले. दोन्ही गोष्टी सारख्या नव्हेत. हा फरक त्यांनी मराठीत समजावला आणि तिने प्रश्नही मराठीत विचारले. मोडके, इंग्रजी शब्दांचे ठिगळ लावलेले, पण मराठीत.

नोव्हेंबरात व्हिसाची मुदत संपली. विमानतळावर आजी रडल्या, आजोबांनी कागदपत्रे तीनदा तपासली. पुढच्या वर्षी नाताळच्या सुटीत लेक आणि नात हैदराबादला आल्या, तेव्हा आजोबांनी आधीच गाडी ठरवून ठेवली होती. अमरावतीला आता विटांचा मोठा गोल चौथरा आणि काही उभे दगड उरले आहेत. नातीने त्याला एक फेरी मारली. लंडनला पाहिलेले सिंह, नाग, हात जोडलेली माणसे ती शोधत होती.

“आजोबा, बाकीचे कुठे आहेत?”

“काही चेन्नईला,” आजोबा म्हणाले, “आणि काही तुझ्या गावाला.”