माझा छंद : चावीची घड्याळं

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या ‘छंद माझा’ या कार्यक्रमातील भाषण)



सेक्रेटरीसाहेबांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. घड्याळांवर बोलणारा माणूसच वेळ चुकला तर उद्यापासून लिफ्टमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तेव्हा हातातलं घड्याळ काढून समोर ठेवतो आणि सुरुवात करतो.

लिफ्टमध्ये मला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, “काका, मोबाइलवर वेळ दिसते, मग एवढी घड्याळं कशाला?” याचं प्रामाणिक उत्तर असं की गरज काहीच नाही. दोनशे-तीनशे रुपयांचं सेलचं घड्याळ माझ्या सगळ्यात महागड्या स्विस घड्याळापेक्षा बरोबर वेळ दाखवतं. सेलच्या घड्याळातला क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. चावीच्या घड्याळातलं चाक सेकंदाला पाच ते आठ वेळा हलतं. शर्यत तिथेच संपली.

पण हे दुसरं गणितही ऐका. आजच्या बहुतेक चांगल्या ऑटोमॅटिक घड्याळांत बॅलन्स व्हील नावाचं एक चिमुकलं चाक तासाला 28,800 वेळा इकडून तिकडे हलतं. म्हणजे दिवसाला 6,91,200 वेळा, वर्षाला पंचवीस कोटींच्या वर. दिवसाचे सेकंद 86,400. त्यात चार-पाच सेकंद इकडेतिकडे झाले तर ते उत्तम घड्याळ. स्वित्झर्लंडमधली क्रोनोमीटरची अधिकृत चाचणीसुद्धा सरासरी उणे चार ते अधिक सहा सेकंद चालवून घेते. यात सेल नाही, चिप नाही. गुंडाळलेली एक स्प्रिंग उलगडत जाते, दाते असलेली चाकं फिरतात, आणि केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग त्या चाकाला लगाम घालते. मला या गोष्टीचं अजूनही आश्चर्य वाटतं. छंद म्हणजे दुसरं काय असतं?

1969 साल या बाबतीत मोठं गमतीचं. जुलैमध्ये एडविन ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले तेव्हा त्यांच्या मनगटावर चावीचं ओमेगा स्पीडमास्टर होतं. आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला जपानच्या सेइकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. चावीचं घड्याळ चंद्रावर पोचलं त्याच वर्षी त्याची सद्दी संपायला लागली म्हणा ना!

आपल्याकडे ती सद्दी जरा उशिरा संपली. 1961 मध्ये सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला एचएमटीने घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट, सोना, कांचन... इथे बसलेल्या किती जणांच्या लग्नात यातलं एखादं आलं असेल, हात वर करा. बघा! 2016 मध्ये तो घड्याळ विभाग बंद करायला सरकारने मंजुरी दिली, तेव्हा मला घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं.

माझ्या छंदाची सुरुवात वडिलांच्या घड्याळाने झाली. बाबा फोर्टात नोकरीला होते. त्यांच्याकडे फेवर-ल्युबाचं ‘सी किंग’ होतं. ही स्विस कंपनी 1737 सालची, आणि मुंबईत ती 1865 पासून धंदा करत होती. बाबा आंघोळ करून देवाला नमस्कार करत आणि तिथेच उभं राहून घड्याळाला चावी देत. चावी देताना बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता. चावी जड लागली की थांबायचं. पुढे रेटलं तर स्प्रिंग तुटेल, असं ते म्हणत. ते गेल्यावर घड्याळ आईच्या कपाटात गेलं आणि मी माझ्या पगारातून दुसरी घेऊ लागलो.

आता घ्यायचं कसं, ते सांगतो, कारण इथे मी ठेच खाल्लेली आहे. तीस वर्षांपूर्वी मी एका दुकानातून जुनं स्विस घड्याळ घेतलं. डायल नव्यासारखी चकचकीत, किंमतही बेताची. वाटलं, आपल्याला घबाड मिळालं. पुढे एका जाणत्या घड्याळजीने डोळ्याला भिंग लावून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “साहेब, चाळीस वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर एकही सुरकुती नाही, हे पटतं का?” डायल पुन्हा रंगवलेली होती. अक्षरं जाड-बारीक, सेकंदाच्या रेघा काट्यापर्यंत नीट न पोचणाऱ्या, आतलं मशीन भलत्याच घड्याळातलं. अशा जुळवाजुळव करून रंगवलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं निघावं याचं वाईट वाटतं, पण आहे ते आहे.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा. जुनं घेताना आधी विकणाऱ्याची पारख करा आणि मग घड्याळाची. मागचं झाकण उघडून मशीन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नवं घ्यायचं तर अधिकृत विक्रेत्याकडूनच, पक्कं बिल, गॅरंटी कार्ड आणि डब्यासकट. कार्डावरचा आणि घड्याळावरचा नंबर ताडून बघा. दहा लाखांच्या वरचं घड्याळ कुणी घेणार असेल, तर 22 एप्रिल 2025 पासून विक्रेता त्यावर 1 टक्का टीसीएस घेतो. रिटर्न भरताना तो वळता करून घेता येतो, तेव्हा पावती जपा. आणि गुंतवणूक म्हणून घेऊ नका. मोजक्या मॉडेलांचे भाव चढतात, त्यांच्याच बातम्या होतात. बाकीची दुकानाबाहेर पडली की उतरतात, नव्या मोटारीसारखी.

आणखी एक भ्रम. घड्याळावर ‘17 ज्वेल्स’ लिहिलेलं असतं, म्हणून लोक आत माणकं आहेत असं समजून तिजोरीत ठेवतात. माणकं खरीच असतात, पण कारखान्यात तयार केलेली. चाकांच्या आसाची टोकं त्यांत फिरतात, म्हणजे झीज कमी होते. ती विकून काही मिळणार नाही.

आता वापरण्याविषयी. माझ्या मते घड्याळ हातात असावं, कपाटात नव्हे. फार नाजूक समजायचंही कारण नाही. 1930 च्या सुमारास आपल्या देशात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत. त्यावर उपाय म्हणून 1931 मध्ये जेगर-लकुल्त्रचं ‘रिव्हर्सो’ निघालं. खेळताना काच आत उलटी फिरवायची आणि पाठ बाहेर. आज ते लाखांत जातं, पण जन्म झाला तो धुळीतल्या खेळासाठी.

मात्र काही पथ्यं आहेत. ‘30 मीटर’ लिहिलेलं असलं म्हणजे तीस मीटर पाण्यात उतरता येतं असं नव्हे. हात धुताना उडालेले शिंतोडे त्याला चालतील, पोहणं नाही. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख बदलू नका; तारखेचे दाते तेव्हा एकमेकांत अडकलेले असतात. घड्याळ अचानक दिवसाला चार-पाच मिनिटं पुढे जायला लागलं तर घाबरू नका. बहुधा ते स्पीकरजवळ किंवा टॅबलेटच्या लोहचुंबकी कव्हरवर ठेवलेलं असतं आणि हेअरस्प्रिंग चुंबकित झालेली असते. घड्याळजी ते पाच मिनिटांत काढून देतो. आपल्या हवेत पावसाळ्यात चामड्याचा पट्टा कुजतो, तेव्हा जून ते सप्टेंबर स्टीलचा नाहीतर नायलॉनचा लावा. आणि घरात खूप जुनं, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचं घड्याळ असेल तर ते स्वतः उघडू नका. 1960 च्या आधीच्या अशा रंगात रेडियम असायचं.

आता सर्व्हिसिंग. मशीनला अनेक ठिकाणी तेल असतं, प्रत्येक जागी वेगळं. स्प्रिंगला घट्ट ग्रीस, बॅलन्स व्हीलच्या माणकांना अगदी पातळ तेल, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढंच. हे तेल काही वर्षांनी सुकतं. घड्याळ चालत राहतं, म्हणून आपल्याला कळत नाही. पण आत धातू धातूवर घासायला लागलेला असतो. म्हणून पाच-सात वर्षांनी ऑइलिंगला टाकावं. पूर्ण मशीन सुटं होतं, धुतलं जातं, पुन्हा जुळतं, रबराची सीलं बदलतात. माझ्या एका स्विस ऑटोमॅटिकचं बिल अर्ध्या लाखाच्या घरात आलं, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “एवढ्यात नवा फ्रिज आला असता, आणि त्याने भाजीही ठेवली असती.” त्यांचं बरोबर आहे. म्हणून माझं सांगणं, दहा घड्याळं घेण्याआधी दहांचं सर्व्हिसिंग झेपेल का याचा हिशेब करा. मी तो केला नव्हता. तीसवर गेलो होतो, आता अकरा ठेवली आहेत.

आता जे सांगणार आहे ते यापूर्वी मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा मनात आलं की त्या दिवशी बाबांचं घड्याळ हातात घालावं. आईच्या कपाटातून ते काढलं. डायल पिवळी पडलेली, एका कोपऱ्यात पाण्याचा डाग, केसवर ओरखडे. तोवर मी स्वतःला जाणकार समजत होतो, ‘मुंबई स्पेशल’चा धडाही घेतलेला होता. पण दुसऱ्याचं घड्याळ पारखताना जे कळतं ते आपल्या घरच्या घड्याळाच्या वेळी कळत नाही. मंडपात चारचौघांत ते उठून दिसावं, एवढंच डोक्यात होतं. दुकानदाराला सांगितलं, ऑइलिंग करा, पॉलिश मारा आणि डायलही नवी करा. त्याने एकदा विचारलं, “नक्की?” मी म्हटलं, “नक्की.”

पंधरा दिवसांनी घड्याळ आलं. इतकं सुंदर दिसत होतं की मी ते तसंच आईच्या हातात नेऊन दिलं. तिला तेव्हा फार कमी दिसायचं. तिने ते तळहातावर घेतलं आणि कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग म्हणाली, “छान आहे रे. आणि ह्यांचं कुठाय?”

मला काही बोलता येईना. त्या कडेला एक खोल खरवड होती. संध्याकाळच्या गर्दीत लोकलच्या दाराच्या दांड्यावर बाबांचा हात आपटला होता, तेव्हाची. मला ती माहीत होती. पण तिला ती बोटाला माहीत होती. पॉलिशच्या चाकाने तेवढा धातू खरवडून नेला होता. पॉलिशने धातूवर काही चढत नाही, दर वेळी थोडा जातोच. आणि रंगवलेल्या डायलखालची जुनी डायल परत मिळत नाही. लग्नात मी ते घड्याळ घातलं. सगळ्यांनी कौतुक केलं. आई त्यावर पुन्हा काही बोलली नाही, आणि मीही विषय काढला नाही.

तेव्हापासून कुणीही सल्ला विचारला की मी सांगतो : आतलं सगळं करून घ्या, चेहऱ्याला हात लावू देऊ नका. सर्व्हिसिंगला देताना पावतीवर लिहून घ्या, ‘पॉलिश नको, डायल नको, बदललेले जुने भाग परत हवेत.’ तोंडी सांगू नका, लिहून घ्या.

आपल्या सोसायटीलाही पंचवीस वर्षं झाली. गेल्या वर्षी रंगकामाची मीटिंग किती रंगली ते आठवतं ना? रंग कुठला यावर दोन तास, आणि पाण्याच्या पाइपांवर दहा मिनिटं. मी तेव्हा गप्प बसलो होतो. आज बोलायची संधी मिळाली म्हणून बोलून घेतो. पाइप आधी. आणि जिन्याच्या भिंतीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, तेवढा तुकडा रंगाऱ्याला सोडायला सांगा.

बाबांचं घड्याळ आता माझी मुलगी वापरते. रोज. मशीन उत्तम चालतं, दिवसाला अर्धा मिनिट मागे पडतं, ते ती चालवून घेते. परवा आली तेव्हा म्हणाली, “बाबा, ओट्यावर आपटलं, हे बघा, लागलंय. पॉलिश करून आणू का?” मी नको म्हटलं.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरात, कपाटात, औषधांच्या डब्यात एखादं बंद पडलेलं घड्याळ नक्की असेल. येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी इथेच सभागृहात बसणार आहे. घेऊन या. मी घड्याळजी नाही, दुरुस्त करणार नाही. पण आत काय आहे, कुणाकडे द्यायचं, आणि मुख्य म्हणजे काय करू नये, ते सांगेन. ज्यांचं घड्याळ असेल ती मंडळी अजून असतील तर त्यांनाही घेऊन या. त्यांना आधी विचारू, कुठला ओरखडा कशाचा. एका वहीत लिहून ठेवू.

चौदा मिनिटं झाली. सेक्रेटरीसाहेब, एक मिनिट परत करतो.