उभी गाडी का थरथरते?

(वर्धा येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



कायदा आणि पोटगीवर बोलणाऱ्या इथे पुष्कळ आहेत. मी आमच्या गटाची गाडी चालवायची, म्हणून गाडीबद्दलच बोलते.

1997 साली आमच्याकडे जुनी मारुती ओम्नी होती. रात्रीबेरात्री निरोप आला की बाईला गाडीत घालायचं आणि सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय गाठायचं. त्या मे महिन्यात गाडी थरथरायला लागली. पळताना ठीक, पण थांबली की सीट, काचा, दारं सगळं खडखडायचं आणि मधेच इंजिन बंद पडायचं. एका रात्री सिंदी रेल्वेकडच्या एका गावाहून येताना फाटक लागलं. मागे पोटात लाथ बसलेली बाई झोपलेली. तिथेच गाडी बंद! चार वेळा किल्ली फिरवली. ती एकच विचारत होती, "ताई, तो मागून येऊन राह्यला का?"

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेले. सोबत माझा कॉलेजातला भाऊ होता. मिस्त्री सगळं त्यालाच सांगत होता, "कार्बोरेटर बदलावं लागते, तीन हजार लागतीन. बाई क्लचवर पाय ठेवून चालवते ना, म्हून असं होते." गिअर न टाकता उभी असलेली गाडी थरथरत असेल तर त्यात क्लचवरच्या पायाचा काय संबंध? पण तेव्हा मला हे बोलता आलं नाही. बैठकीत आमच्यातलीच एक म्हणाली, पुरुष ड्रायव्हर ठेवू या. मिस्त्रीपेक्षा ते जास्त लागलं.

शेजारी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका होते. त्यांनी गाडीला हात लावला नाही, मला लावायला लावला. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की तीन सिलिंडर, तीन प्लग. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला साधारण नऊशे फेरे घेतं आणि दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा पेट्रोल पेटतं. तिघांतला एक पेटला नाही की लयीत खड्डा पडतो, तीच थरथर. गॅरेजवाले याला 'मिसिंग' म्हणतात. वेगात फिरणारं इंजिन तो खड्डा ओलांडून जातं, म्हणून पळताना तो फारसा जाणवत नाही.

आता कोणता सिलिंडर ते शोधायचं. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढायची, मग सुरू करायचं. थरथर वाढली तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर चोर तोच. सुरू इंजिनवर वायर ओढू नका, हजारो व्होल्टचा झटका बसतो. आमचा चोर मधला निघाला. त्याचा प्लग पहिल्यात घातला, पहिल्याचा मधल्यात. दोष जागचा हलला नाही, म्हणजे प्लग चांगला. मग दोघांच्या वायरी बदलल्या आणि दोष पहिल्या सिलिंडरला गेला! वायर आतून तुटली होती. शंभराच्या आत काम झालं. तीन हजार वाचले, पण त्याहून...जाऊ द्या.

थोडी थरथर मात्र राहिलीच. इंजिन ज्या रबरांवर बसतं, ज्याला मिस्त्री 'फाउंडेशन' म्हणतात, त्यातलं एक चिरलं होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर कडक होतं. हवेच्या नळ्याही अशाच चिरतात, त्यातून जादा हवा शिरली तरी गाडी उभ्या उभ्या थरथरते. तिथे कान लावला की 'स्स्' ऐकू येतं.

ओम्नी 2019 मध्ये बनायची बंद झाली. नव्या गाड्यांत कार्बोरेटर नसतं आणि बहुतेकींत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते, तिथे वायर काढायचा हा प्रयोग करायचा नाही. तिथे मिस्त्री मशीन लावून कोड वाचतो. तो कोड लिहून मागा, कोणत्या सिलिंडरचा आहे ते विचारा, आणि सोबत भाऊ असला तरी तुम्हीच विचारा.

आपल्या एका मैत्रिणीची जुनी, कार्बोरेटरवाली ओम्नी दारात उभी आहे. मी सकाळीच एका प्लगची वायर ढिली करून ठेवली आहे. पदर खोचा, ओढण्या बांधून घ्या. सीट कोण उचलतंय?