पूर्वतयारी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्या बॅचच्या डॉक्टर-इंजिनिअरांनंतर मला उभं केलंय, म्हणून आधीच सांगते, माझी शाळा दहावीतच सुटली. मग लग्न, दोन मुलं, केळीची बाग. चौतिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १९८९ सालचं. बारावी नसली तरी पूर्वतयारी करून बी.ए.ला जाता येतं, हे मला आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीताईंनी सांगितलं.

पूर्वतयारी निघाली. घोळ झाला तो पुढे. रविवारी अभ्यासकेंद्रात तास असायचे. मी शेवटच्या बाकावर. सर 'संकल्पना', 'लवचिकता' म्हणायचे, मी शब्द तेवढे वहीत उतरवायची. घरी येऊन भाकरी झाल्या की पुस्तक पाठ करायची, आपण शाळेत करायचो तसं. अर्थशास्त्रात नापास झाले. ह्यांना म्हटलं, "मले हे जमत नही." हे म्हणाले, "फी भरेल हाये, परीक्षा तं दे."

नंतर एकदा मागणी-पुरवठ्यावरचा स्वाध्याय सरांनी परत केला. म्हणाले, "हे पुस्तकातलं आहे. तुमच्या बागेतलं लिहा." राग आला. पण लिहिलं. मृगबागेचा माल सगळ्यांचा एकदमच कापणीला येतो, भाव पडतो. घड तयार झाला की तो झाडावर ठेवून भावाची वाट पाहता येत नाही, व्यापारी म्हणेल त्या भावाला द्यावा लागतो. पुरवठ्याला लवचिकता नसते म्हणजे काय, ते मला त्या पानावर कळलं.

तरी लगेच सगळं सोपं झालं नाही. तीन तास लिहायची हाताला सवय नव्हती, बोटं आखडायची. तीन वर्षांच्या पदवीला मला पाच लागली. शेवटच्या वर्षी मात्र मी पहिल्या बाकावर बसून सरांशी वाद घालायची.

माझी मुलगी आता जळगावच्या विद्यापीठात आहे. २०१८ पासून त्याला बहिणाबाईंचं नाव आहे, आसोद्याच्या, ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पहिल्याच महिन्यात तिचा फोन, "आई, वर्गात काहीच कळत नाही." मी विचारलं, "बसते कुठे?" म्हणाली, "मागे."

आपल्यातल्या दोघी आजही मागच्या रांगेत बसल्यात, शाळा माझ्याबरोबरच सुटलेल्या. नावं घेत नाही. माझी पुस्तकं जपून ठेवलीत, समासात खरडलेलं आहे तेवढं चालवून घ्या. चहाला थांबा, फॉर्मचं बोलू.